रात्र थोडी, सोंगे फार!

पिंपरी-चिंचवडला रात्रपाळीचे अप्रूप नाही. १९५४ साली पिंपरीच्या माळावर हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सचा कारखाना स्थापन झाला. पुढे आकुर्डीला बजाजच्या स्कूटरी आल्या, टेल्को आली, भोसरीत शेकडो लहान वर्कशॉप निघाले, आणि भोंग्याच्या तालावर घराघरांतले डबे भरले जाऊ लागले. पहिली पाळी, दुसरी पाळी, तिसरी पाळी या शब्दांवर इथल्या दोन पिढ्या वाढल्या. तिसऱ्या पाळीहून परतलेले वडील दुपारी झोपले आहेत, तेव्हा अंगणात दंगा करायचा नाही, ही शिस्त इथल्या मुलांना कोणी वेगळी शिकवावी लागली नाही.

त्याच मुलांपैकी, किंवा त्यांच्या मुलांपैकी, कित्येक जण आज हिंजवडीच्या, तळवड्याच्या नाहीतर चाकणच्या कचेऱ्यांत संगणकाचे काम करतात. आणि त्यांच्या घरांत वर्षाकाठी एखाद-दुसऱ्या वेळी एका नव्याच रात्रपाळीची वार्ता येते. मुलगा किंवा सून सकाळी निघतानाच सांगून ठेवते, की उद्या संध्याकाळपर्यंत घरी येणे होणार नाही. कंपनीत हॅकॅथॉन आहे. ही पाळी साहेबांनी लावलेली नसते, तिला जादा पगार बहुधा नसतो, आणि तरीही नाव आपणहून दिलेले असते! वडीलधाऱ्यांना कोडे पडावे, हे साहजिकच आहे. ही मंडळी रात्रभर करतात तरी काय? त्यातून कंपनीच्या पदरात काय पडते आणि त्यांच्या पदरात काय? हा सारा खटाटोप नीट व्हावा, तर तो मांडावा कसा? या प्रश्नांची उत्तरे घरच्या माणसांनाही ठाऊक असलेली बरी. त्या रात्रीची किंमत थोडीबहुत तीही मोजत असतात.

शब्दाची जन्मकथा

'हॅक' हा शब्द कानावर पडला, की बँकेच्या खात्यावर डल्ला मारणारा चोर आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो. मूळचा अर्थ मात्र तसा नव्हे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या विख्यात संस्थेत १९५० नंतरच्या दशकात, खेळण्यातल्या आगगाड्यांचा शौक असलेल्या विद्यार्थ्यांचे एक मंडळ होते. रूळ, सांधे आणि सिग्नल यांच्या तारांच्या जंजाळात ही मुले रात्र-रात्र डोके खुपसून बसत. या तारांत कोणी एखादी अफलातून हिकमत लढवली, की ती मंडळी तिला 'हॅक' म्हणत. पुढे त्यांच्यापैकी काहींच्या हाती संगणक आला, आणि हा शब्दही त्यांच्याबरोबर संगणकाच्या घरी नांदायला गेला.

'थॉन' हे शेपूट अर्थातच मॅरेथॉन शर्यतीचे. दोन्ही जोडून झालेला 'हॅकॅथॉन' हा शब्द १९९९ सालच्या जून महिन्यातला. 'ओपनबीएसडी' नावाच्या संगणकप्रणालीवर काम करणारे दहा प्रोग्रॅमर कॅनडातील कॅलगरी शहरी एकत्र बसले. गुप्तलेखनाचे तंत्र देशाबाहेर पाठवण्यावर त्या वेळी अमेरिकेची कडक बंधने होती. ती टाळण्यासाठी सीमेपलीकडे जमणे त्यांना सोयीचे होते. त्या बैठकीला त्यांनी हे नाव दिले. गंमत अशी, की त्याच महिन्यात सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीच्या परिषदेतही हाच शब्द वापरला गेला. एकाच पावसात दोन ठिकाणी तेच रोप उगवावे, तसे झाले.

पुढे कंपन्यांनी ही कल्पना आपल्या अंगणात आणली. ॲटलॅसियन या ऑस्ट्रेलियन कंपनीने २००५ पासून आपल्या लोकांना दर तिमाहीत एक दिवस मोकळा देण्याचा परिपाठ घातला. चोवीस तासांत तुम्हांला जे करावेसे वाटते ते करा, पण दुसऱ्या दिवशी ते सगळ्यांना दाखवा, एवढीच अट. कंपनीच्या अंतर्गत हॅकॅथॉनचे सार या एका अटीत आले. चार-पाच जणांचा संघ करायचा, एक अडचण निवडायची, चोवीस किंवा छत्तीस तासांत तिच्यावर चालता-बोलता तोडगा उभा करायचा आणि परीक्षकांपुढे पाच मिनिटांत तो चालवून दाखवायचा. नुसत्या गप्पा नकोत, कागदावरचे मनोरे नकोत. बटण दाबले, की काहीतरी घडले पाहिजे.

आपल्याकडे कोजागरीच्या रात्री लक्ष्मी 'को जागर्ति?' असे विचारीत फिरते म्हणतात. हॅकॅथॉनला मराठी नाव द्यायचे झाले, तर 'संगणकाचा जागर' हे शोभून दिसेल.

आपल्या दाराशी

हे सारे सातासमुद्रापलीकडचे आहे, असे मात्र कोणी समजू नये. १९९० साली आनंद देशपांडे यांनी पुण्यात स्थापन केलेली पर्सिस्टंट सिस्टिम्स ही कंपनी आपल्या कर्मचाऱ्यांसाठी असाच चोवीस तासांचा जागर भरवीत आली आहे. त्याचे नाव मोठे मार्मिक आहे : 'सेमिकोलन्स', म्हणजे अर्धविराम! संगणकाच्या कित्येक भाषांत वाक्याच्या शेवटी पूर्णविराम येत नाही, अर्धविराम येतो. वेगवेगळ्या गावांतल्या कचेऱ्यांत एकाच वेळी संघ कामाला बसतात. १९९० सालचीच दुसरी कंपनी केपीआयटी. तिच्या नावातली 'केपी' ही अक्षरे कीर्तने आणि पंडित या पुण्याच्या हिशेबतपासनीसांच्या पेढीची. आज तिचा कारभार मोटारींच्या सॉफ्टवेअरचा आणि मुख्य कचेरी हिंजवडीत. तिची 'स्पार्कल' ही स्पर्धा अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी असते. केंद्र सरकारनेही २०१७ साली 'स्मार्ट इंडिया हॅकॅथॉन' सुरू केले. त्यात देशभरच्या महाविद्यालयांतील सहा-सहा जणांचे संघ सरकारी खात्यांच्या अडचणींवर छत्तीस तास झटले. त्या स्पर्धेच्या नियमांत एक चांगला नियम आहे : प्रत्येक संघात निदान एक मुलगी असलीच पाहिजे.

पण ज्या मुलुखात लोखंड तापते, तेथे संगणकाचे एवढे काय काम, असे कोणी विचारील. पूर्वी ट्रकचा मेस्तरी कानाने इंजिन ऐकायचा आणि बिघाड सांगायचा. आज बेताच्या किमतीच्या मोटारीतही ब्रेक, इंजिन, एअरबॅग, दिवे यांना सांभाळणारे लहान-लहान संगणक असतात. उंची मोटारीत त्यांची संख्या शंभराच्या घरात जाते. बजाजने १९९९ साली चाकणला कारखाना काढला, २००९ साली मर्सिडीज-बेंझ आणि फोक्सवागन तेथेच आल्या, महिंद्रही आली. त्यांच्या भोवती सुट्या भागांच्या कारखान्यांचे जाळे पसरले. या प्रत्येक ठिकाणी मालाची आवक, यंत्रांची देखभाल, तपासणी, पाठवणी या साऱ्यांत सॉफ्टवेअर शिरले आहे. म्हणजे कारखाना आणि कचेरी ही आता दोन गावे राहिलेली नाहीत. एका गावातली अडचण दुसऱ्या गावाला कळावी, यासाठीच अंतर्गत हॅकॅथॉनसारखी संधी नाही.

सूचनापेटीची वंशावळ

हॅकॅथॉन नवे असले, तरी त्याचे घराणे जुने आहे. जो काम करतो, त्यालाच त्या कामातली खोच ठाऊक असते, हे शहाणपण स्कॉटलंडमधील विल्यम डेनी यांच्या जहाजबांधणीच्या कारखान्याने १८८० मध्ये ओळखले आणि सुधारणा सुचवणाऱ्या कामगारांना बक्षिसे देण्याचे नियम केले. अमेरिकेतील कोडॅक कंपनीने १८९८ मध्ये सूचनायोजना काढली. तेथे पहिले बक्षीस मिळालेली सूचना कोणती होती? कारखान्याच्या खिडक्या धुवा, म्हणजे आत उजेड येईल! एवढी साधी गोष्ट साहेबांच्या लक्षात आली नव्हती, कारण साहेब त्या खिडकीखाली दिवसभर उभे राहत नव्हते.

जपानच्या टोयोटाने १९५१ मध्ये हीच रीत उचलली. १९६२ पासून जपानात 'क्वालिटी सर्कल' ही चळवळ फोफावली; एकाच यंत्राभोवती काम करणारे पाच-दहा जण नियमाने एकत्र बसून आपल्याच कामातले दोष शोधू लागले. आपल्या देशात १९८० मध्ये हैदराबादच्या भारत हेवी इलेक्ट्रिकल्समध्ये ही मंडळे निघाली आणि १९८२ मध्ये त्यांची 'क्वालिटी सर्कल फोरम ऑफ इंडिया' ही मध्यवर्ती संस्था स्थापन झाली. पिंपरी, भोसरी, चाकणच्या कारखान्यांत 'कायझेन' हा जपानी शब्द फिटर-टर्नरांच्या तोंडी असा रुळला आहे, की तो मराठीच वाटावा.

या वंशावळीतून एक धडा मिळतो, आणि हॅकॅथॉन भरवणाऱ्याने तो पदराला गाठ मारून ठेवावा. सूचना मागितल्याने माणसे उत्साहाने पुढे येतात हे खरे. पण दिलेल्या सूचनेचे पुढे काय झाले, हे कळले नाही, तर तीच माणसे दुसऱ्या वर्षी तोंड उघडीत नाहीत. जिन्याखाली टांगलेली, कुलूप गंजलेली सूचनापेटी कित्येकांनी आपल्या कारखान्यात पाहिली असेल. ती गंजते, कारण तिच्यात चिठ्ठ्या टाकता येतात, पण तिच्यातून उत्तर येत नाही.

आधी लगीन तयारीचे

हॅकॅथॉन म्हणजे सभागृह घ्यावे, फलक लावावा, खाण्याची सोय करावी आणि पोरांना सोडून द्यावे, अशी पुष्कळांची समजूत असते. असे जागर होतात खरे. छायाचित्रे छान निघतात, आणि आठवड्याने कोणाला काही आठवत नाही. टेल्कोने पुण्यात १९६६ मध्ये पाय रोवले, पण पुण्यात घडलेले पहिले व्यापारी वाहन बाहेर पडले ते १९७७ मध्ये. मधली वर्षे माणसे शिकवण्यात, हत्यारखाना उभारण्यात आणि यंत्रे घडवण्यात गेली. चोवीस तासांच्या कामालाही त्याच्या मानाने अशीच पूर्वतयारी लागते. निदान सहा आठवडे तरी हाताशी असावेत.

पहिले काम अडचणी गोळा करण्याचे. त्या व्यवस्थापकांच्या बैठकीत सुचत नाहीत. त्यासाठी उठून शेडमध्ये जावे लागते. चाकणच्या एखाद्या सुट्या भागांच्या कारखान्याची कल्पना करा. गेटवर मालाच्या गाड्या तास-तास खोळंबतात, कारण एकच चलन गेटवर, स्टोअरमध्ये आणि तपासणीत असे तीनदा उतरवून घ्यावे लागते. तिसऱ्या पाळीच्या सुपरवायझरने वहीत लिहिलेला बिघाड पहिल्या पाळीला कळत नाही, आणि त्याच यंत्रावर पुन्हा शंभर नग खराब निघतात. 'कारखान्यात कृत्रिम बुद्धिमत्ता आणा' ही अडचण नव्हे, ती घोषणा झाली. 'चलन एकदाच लिहिले जावे आणि तिन्ही ठिकाणी दिसावे' ही अडचण. ज्याला ती भोगावी लागते, त्याचे नाव तिच्यापुढे लिहिलेले असावे. म्हणजे रात्री शंका आली, तर विचारायचे कोणाला, हे संघाला ठाऊक राहते. प्रोग्रॅमरांनीही स्पर्धेच्या आधी तासभर त्या गेटवर उभे राहून यावे. तेथला धुरळा, घाई आणि पावसात भिजलेली चलने पाहिली, म्हणजे वातानुकूलित खोलीत न सुचणाऱ्या गोष्टी सुचतात.

दुसरे काम माहितीचे आणि परवानग्यांचे. स्पर्धा सुरू झाली, घड्याळ चालू लागले, आणि संघाचे पहिले सहा तास पासवर्ड मिळवण्यात गेले, असा प्रकार पुष्कळ ठिकाणी घडतो. लागणारी माहिती आधीच काढून, तीतील ग्राहकांची व कामगारांची नावे-पत्ते झाकून, वेगळ्या संगणकावर ठेवावी. चालू कारखान्याच्या यंत्रणेला त्या रात्री कोणीही हात लावू नये. सराव करायचा तो प्रतिकृतीवर. नाहीतर उत्साहाच्या भरात पहाटे चारला असेंब्ली लाईनच बंद पडायची!

तिसरे काम संघ जुळवण्याचे. मित्र-मित्र एकत्र आले, की मजा येते, पण सगळे एकाच जातीचे काम करणारे निघतात. एक कोड लिहिणारा, एक तो कोड मोडून पाहणारा, एक पडद्यावरची मांडणी करणारी आणि एक ज्याची अडचण आहे त्या खात्यातला, असा चौरस संघ बरा. साहेब आणि त्यांच्या हाताखालची मंडळी एकाच संघात नसलेली उत्तम; नाहीतर चोवीस तास साहेबांचीच कल्पना चालते.

चौथे काम तारखेचे. महिनाअखेरीची पाठवणी, गणपती-गौरी, मुलांच्या परीक्षा, मोठ्या कामाची मुदत हे सारे टाळावे. आणि शनिवार-रविवार शक्यतो नकोच. कंपनीला कल्पना हव्यात, तर कंपनीने आपला गुरुवार-शुक्रवार द्यावा. लोकांच्या रविवारावर उदारपणा करू नये.

प्रत्यक्ष रात्र

दुपारी स्पर्धा सुरू होते, तेव्हा प्रत्येक संघाला जग जिंकायचे असते. फळ्यावर दहा कल्पना, पंधरा बाण, वीस चौकोन! संध्याकाळी कळते, की यातले निम्मे होणार नाही. मध्यरात्री काहीच चालेनासे होते, जो-तो दुसऱ्याच्या कोडकडे संशयाने पाहू लागतो, आणि दोनच्या सुमारास 'रात्र थोडी, सोंगे फार' या म्हणीचा खरा अर्थ कळतो. शहाणा संघ तेथे एक निर्णय घेतो. नऊ सोंगे गुंडाळून ठेवतो आणि एकच नीट वठवतो. कशावर पाणी सोडावे, हे ठरवायला शिकणे, हाच या रात्रीचा सर्वांत मोठा लाभ, असे म्हणावयास हरकत नाही. एरवी सहा-सहा महिने जे वाद मिटत नाहीत, ते येथे घड्याळ मिटवते.

या वेळी संयोजकांचे काम पंगतीत वाढणाऱ्या यजमानासारखे असते. अनुभवी मंडळींनी दर तीन-चार तासांनी फेरी घालावी, अडलेल्याला वाट दाखवावी, पण कोडला स्वतः हात लावू नये. संध्याकाळी एकदा प्रत्येक संघाला विचारावे, की उद्या नेमके काय दाखवणार? उत्तर एका वाक्यात आले नाही, तर त्या संघाला मदतीची गरज आहे असे समजावे. खाण्यापिण्याचा बेतही साधा असावा. रात्रभर थंड पेये आणि तळकट पदार्थ पोटात गेले, की पहाटे डोके चालत नाही. गरम खिचडी, ताक, सकाळी पोहे आणि भरपूर पाणी यांनी जास्त कोड लिहून होतो! चार तासांची झोप हा गुन्हा मानू नये. तिच्यासाठी अंधारी, शांत खोली आणि स्वच्छ सतरंज्या ठेवाव्यात.

स्त्रियांच्या सोयीचा प्रश्न तर पहिल्याच बैठकीत निघाला पाहिजे. महाराष्ट्राचा २०१७ सालचा दुकाने व आस्थापना अधिनियम सांगतो, की रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळात स्त्रीला तिच्या संमतीनेच कामावर ठेवता येते. आणि तेही तिच्या सुरक्षिततेची, प्रतिष्ठेची आणि घराच्या दारापर्यंत वाहनाची सोय केली तरच. हा स्पर्धेचा उत्सव आहे, काम नव्हे, अशी पळवाट कोणी काढू नये. आणि कायद्याच्या पलीकडेही एक गोष्ट आहे. घरी तान्हे मूल असलेली बाई, म्हाताऱ्या वडिलांना रात्रीचे औषध देणारा मुलगा, यांना रात्रभर थांबता येत नाही. म्हणून त्यांच्या डोक्यात कल्पना नसतात, असे थोडेच आहे? अशांसाठी हाच जागर दोन दिवसांत, सकाळी नऊ ते संध्याकाळी सात असा विभागून भरवता येतो. जागरणाची मौज थोडी कमी होते, पण माणसे वाढतात. ज्या कंपनीला कल्पनांची खरी भूक आहे, ती हा सौदा आनंदाने करील.

परीक्षकांची परीक्षा

परीक्षक म्हणून फक्त वरचे साहेब बसवले, की पोरे साहेबांना आवडेल ते करतात. परीक्षकांच्या रांगेत एक खुर्ची त्या गेटवरच्या कारकुनाची, त्या तिसऱ्या पाळीच्या सुपरवायझरची असावी. त्याने विचारावे, 'हातमोजे घातलेले असताना हे बटण दाबता येईल का?' अशा एका प्रश्नाने पंधरा रंगीत चित्रांची हवा निघून जाते. गुण कशाला, हे आधीच जाहीर करावे : अडचण खरी आहे का, तोडगा प्रत्यक्ष चालतो का, आणि काय झाले नाही ते संघाने प्रामाणिकपणे सांगितले का. वक्तृत्वाला गुण नकोत. लाजऱ्या मुलाचे काम फर्ड्या मुलाच्या भाषणापुढे मागे पडू नये.

हल्ली कोड लिहून देणारी यंत्रेही आली आहेत. चार तासांचे काम ती चार मिनिटांत करून देतात. मग जागराचे प्रयोजन काय? उलट ते वाढले आहे, असे मला वाटते. लिहिण्याचे काम सोपे झाले, की नेमके काय लिहावयाचे, याचे मोल चढते. आणि ते ज्ञान यंत्रापाशी नसते, गेटवरच्या कारकुनापाशी असते.

दुसऱ्या दिवसाची सकाळ

बक्षिसे वाटून झाली, छायाचित्रे निघाली, मंडळी डोळे चोळीत घरी गेली. येथे पुष्कळ हॅकॅथॉन संपतात. वस्तुतः खरे काम येथून पुढे सुरू होते.

फेसबुकवरचे 'लाईक'चे बटण सर्वांच्या परिचयाचे आहे. त्याचा पहिला कच्चा नमुना २००७ सालच्या अशाच एका अंतर्गत हॅकॅथॉनमध्ये तयार झाला होता. तेव्हा त्याचे नावही वेगळे होते. वरिष्ठांपुढे तो अनेकदा गेला आणि अनेकदा परत आला. लोकांच्या हाती तो पडला २००९ च्या फेब्रुवारीत. एका रात्रीत सुचलेली गोष्ट रुजायला दीड वर्ष लागले! मधल्या काळात तिचा पाठपुरावा करणारे कोणी नसते, तर ती त्याच रात्री विझली असती.

म्हणून जागर जाहीर करतानाच कंपनीने तीन वचने लेखी द्यावीत. पहिले, प्रत्येक संघाला, हरलेल्यालाही, पंधरा दिवसांत लेखी उत्तर मिळेल : स्वीकारले, तूर्त थांबवले, किंवा नाकारले, आणि का. नकाराने माणूस हिरमुसतो, पण दोन दिवसांत सावरतो. मौनाने तो कायमचा मिटतो. दुसरे, स्वीकारलेल्या कल्पनेला कामाच्या वेळातले चार-सहा आठवडे आणि एक जबाबदार अधिकारी मिळेल. कारण रात्री शिवलेला अंगरखा सकाळी टाके तपासल्याशिवाय घालावयाचा नसतो. मोटारीच्या ब्रेकशी संबंध असलेला कोड तर कितीही चलाख असला, तरी कसून तपासावा लागतो; वाहनांतील इलेक्ट्रॉनिक यंत्रणांच्या सुरक्षिततेसाठी २०११ पासून 'आयएसओ २६२६२' हे आंतरराष्ट्रीय मानकच आहे. तिसरे वचन नावाचे. नोकरीच्या करारानुसार शोधाची मालकी बहुधा कंपनीकडे जाते. ते जाणूनच माणूस येतो. पण भारताच्या १९७० च्या पेटंट कायद्यातही संशोधकाचे नाव पेटंटवर नमूद करण्याची तरतूद आहे. मग कंपनीच्या सूचनाफलकावर चार ओळींत ते लिहायला अडचण कसली?

आक्षेप आणि उत्तर

'ही फुकटची रात्रपाळी आहे,' असा आक्षेप घेणारे लोक आहेत, आणि त्यांचे म्हणणे सर्वस्वी खोटे नाही. ज्या ठिकाणी 'स्वेच्छेने या' असे म्हणून न येणाऱ्यांची नावे मनात ठेवली जातात, नेहमीचेच अडलेले काम 'स्पर्धा' म्हणून रात्रीत उरकून घेतले जाते, आणि सोमवारी सकाळी नऊला पुन्हा हजर राहावे लागते, तेथे हा शब्द अगदी चपखल बसतो. त्यावरचे उपायही साधे आहेत. भाग न घेण्याचा परिणाम वार्षिक मूल्यमापनावर होऊ नये. रोजचे काम स्पर्धेत आणू नये. जागरानंतरचा दिवस पगारी सुटीचा असावा. एवढे करण्याची तयारी नसेल, तर हॅकॅथॉन भरवूच नये. त्यापेक्षा चहाच्या वेळी चार माणसांचे ऐकून घेतले, तरी पुण्य लागेल.

उलट भोसरीतल्या वीस माणसांच्या वर्कशॉपच्या मालकाने, 'हे मोठ्यांचे खेळ' म्हणून पाठ फिरवू नये. त्याला सभागृह नको, रात्रही नको. जवळच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातली दोन मुले, आपला जुना सेटर, स्टोअर सांभाळणारी बाई आणि स्वतः मालक यांनी एक दुपार एका टेबलाभोवती बसावे आणि एकच अडचण घ्यावी. जॉबकार्ड हरवतात? गेजच्या तपासणीची तारीख चुकते? संध्याकाळपर्यंत मोबाईलवर चालणारा एक साधा तोडगा सहज निघेल. ही फार तर कोडॅकच्या खिडक्या धुण्याइतकी लहान गोष्ट असेल. पण उजेड तेवढाच पडेल.

कारखान्यांच्या या मुलुखाने माणसांचे हात कामाला लावले, त्यांचे घाम-कष्ट मोजले, पाळ्यांचे हिशेब ठेवले. माणसांचे डोके कामाला लावणे आणि त्याचाही हिशेब चोख ठेवणे, ही विद्या अजून पुरती अंगवळणी पडावयाची आहे. हॅकॅथॉन हा तिचा एक लहानसा धडा आहे. रात्रभर जागण्याचे काम तरुण मंडळी हौसेने करतात. त्याची काळजी नको. पंधराव्या दिवशी त्यांच्या प्रत्येक कल्पनेला उत्तर गेले की नाही, हे पाहण्यापुरते वरिष्ठांनी जागे राहिले, म्हणजे पुरे.